वास चुलीचा, कापूर देवघरात

मावशी, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. नवरा यंत्रमागावर आहे. गेली तीन वर्षं मी घरी चुलीवर कडक भाकरी करून विकते. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, तिथं मातीची चूल आणि वर पत्र्याचा पाइप. आजवर त्रास नव्हता. यंदा पावसाळा लागल्यापासून मात्र शेडमध्ये डांबरासारखा वास यायलाय. चूल पेटलेली नसली तरी येतो. पोरीच्या शाळेच्या कपड्यांना वास, माझ्या केसांना वास. शेजारच्या वहिनी खिडकी लावून घेतात, बोलत काही नाहीत. आणि गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं पन्नास भाकऱ्या नेल्या आणि फोन करून म्हणाले, 'भाकरीला रॉकेलचा वास येतो.' मी रॉकेलला हातसुद्धा लावत नाही! पेटवायला मागावरच्या चिंध्या घेते. कापूर लावून बघितला, धूप घातला, कोपऱ्यात लिंबं कापून ठेवली. सगळे म्हणतात गॅस घे. पण लोक 'चुलीवरची' म्हणूनच तर घेतात. काय करू?

– एक भाकरीवाली

*

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. मावशी म्हटलंस ना.

आधी तो कापूर बंद कर. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातली गत झाली. शिवाय कापूर जळताना स्वतःच भरपूर काजळी धरतो. आरतीच्या तबकाची मागची बाजू बघ एकदा. म्हणजे वास घालवायला तू शेडमध्ये आणखी काजळी घालत होतीस. धुपाचंही तेच. लिंबांनी काही बिघडलं नाही, पण ती चटणीला वापरली असतीस तर बरं झालं असतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू एका वासाबद्दल लिहिलं आहेस, पण त्यात निदान दोन वास आहेत. एक डांबराचा, तो चूल बंद असतानाही येतो. दुसरा रॉकेलचा, तो भाकरीला येतो. दोघांचं कुळ वेगळं. त्यामुळे वास कुठून येतो हे शोधण्याआधी कधी येतो ते बघायचं.

रॉकेलचं आधी सांगते, कारण त्यात तुझं गिऱ्हाईक अडकलंय आणि उपाय फुकट आहे. दोष चिंध्यांचा आहे. आपल्याकडे मागाच्या चिंध्यांनी बंब पेटवण्याची सवय जुनी; माझ्या आईनं तेच केलं, मीही केलं. पण तेव्हाची चिंधी सुताची असायची. आता मागावर सूत आहे तसं पॉलिस्टरही आहे, आणि वर रंग. त्यात ज्या चिंध्या घरी येतात त्या बहुतेक माग पुसलेल्या. म्हणजे मशीनचं ऑइल प्यायलेल्या. ते तेल जळताना जो वास देतं तो नाकाला रॉकेलसारखाच वाटतो. तुझा नवरा ज्या मागावर उभा राहतो, तिथलं तेल पुण्याच्या भाकरीपर्यंत पोचलंय बघ.

खात्री करायची असेल तर चिंधीतला एक धागा ओढून काढ, चिमट्यात धर आणि अंगणात काडी लाव. सूत असेल तर कागदासारखं भुरूभुरू जळेल, जळका कागद वास देतो तसा वास येईल, आणि मागं राहील ती करडी राख बोटानं चोळली की विरून जाईल. पॉलिस्टर असेल तर धागा आधी आक्रसेल, मग वितळेल आणि टोकाला काळा कडक मणी होईल. तो मणी गार झाल्यावर नखानं दाबून बघ, फुटत नाही. असला धागा ज्या चिंधीत असेल ती चुलीत जाता कामा नये. दुधाची पिशवी, तेलाचा पाउच, तुटकी चप्पल, यांचंही तेच. मला ठाऊक आहे, पहाटे पाचला ओलं जळण पेटेना झालं की हात आपोआप पिशवीकडं जातो.

आणि भाकरीनं हा वास धरायलाच हवा होता. नेहमीची मऊ भाकरी तव्यावरून आरावर, आरावरून ताटात, संपलं. कडक भाकरी मात्र तू चुलीच्या कडेनं उभी करून वाळवत असशील. पातळ, कोरडी आणि भोकाभोकाची वस्तू तासभर धुराच्या वाटेत उभी. तिच्याइतकं वास पिणारं दुसरं काही नाही. मग त्या डब्यात भरल्या की वास आतल्या आत मुरतो, आणि पुण्यात झाकण उघडलं की भपकारा बाहेर.

पेटवायला तुरकाठ्या घे. आपल्या जिल्ह्यात तुरीला तोटा नाही; खेड्याकडून कुणी येणारं असेल तर एक भारा सांगून ठेव. जोंधळ्याची धसकटंही चांगली, भसकन पेट घेतात. तुरकाठ्या वीतभर मोडून चुलीत खोपटासारख्या उभ्या करायच्या, मधे मूठभर नारळाची शेंडी, आणि त्यावर बोटाएवढ्या ढलप्या. मोठं लाकूड शेवटी. बायका आधी जाड लाकूड घालून खालून फुंकणी मारत बसतात, तेव्हा जो पांढरा जाड धूर निघतो तो म्हणजे न जळलेलं लाकूडच, वायू होऊन निघून चाललेलं. डोळे चुरचुरतात ते त्यानं. ज्वाळ लवकर धरली की त्यातला बराचसा चुलीतच जळून जातो.

आता डांबराकडं ये.

लाकूड कुठून आणतेस ते तू लिहिलं नाहीस. वखारीतून आणत असशील तर बाभूळ असणार, आणि बाभूळ नंबर एक. वेडी बाभूळही चालते, आपल्या माळावर तिचं रान माजलंय. दोन्हींचा आर टिकतो. पण ती वाळलेली हवी. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. चुलीत जाणाऱ्या लाकडात ते वीस टक्क्यांच्या खाली असावं. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात बंबातलं सात-आठ लिटर गार पाणी उकळीला येतं. ओलं लाकूड घातलंस की तुझी चूल भाकरी भाजण्याआधी लाकूडच उकडत बसते. चूल थंड राहते, लाकूड नुसतं धुपतं, आणि त्यातला चिकट भाग वाफेबरोबर पाइपात चढतो. पत्रा गार लागला की आतून थिजतो. तुझ्या वासाचा धनी तो. लाकडाचं डांबरच म्हण. थरावर थर चढतो, उन्हाळ्यात सुकून गप्प बसतो, आणि पावसाळी दमट हवा लागली की पुन्हा वास सोडायला लागतो. म्हणून चूल बंद असली तरी येतो. पावसाळा लागतानाच हे असं असेल तर आपला खरा पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा काय होईल, विचार कर.

लाकूड ओलं की सुकं हे ओळखायला तुझ्याकडं इतर बायकांकडं नसणारी वस्तू आहे, वजनकाटा. एका फोडलेल्या ओंडक्यावर खडूनं खूण कर, वजन पाटीवर लिही. तो उन्हात ठेव आणि दर सोमवारी काट्यावर टाक. दोन आठवडे आकडा हलला नाही की तो वाळला. घाई असेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपट. सुकी खणखणतात, ओली थप्प वाजतात. आणि जळताना लाकडाच्या कापलेल्या टोकाशी बघ. तिथं फेस येऊन सूं सूं आवाज होत असेल तर ते पाणी आहे, दुसरं काही नाही. ओंडके अख्खे कधी वाळत नाहीत; फोडून, भिंतीपासून वीतभर सोडून, खाली दोन विटा ठेवून रच. वरून पत्रा, बाजू उघड्या. प्लॅस्टिकनं चहूबाजूंनी गुंडाळून ठेवलंस तर आत बुरशी धरेल आणि तिसराच एक वास सुरू होईल. पुढच्या पावसाळ्याचं जळण मार्चात भर. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हासारखं वाळवणघर कुणाला फुकट मिळतं? पापड-कुरडयांना आपण तो मान देतो, लाकडाला देत नाही.

एमआयडीसीतून येणाऱ्या खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड, रंग दिलेली जुनी दारं, हे स्वस्त पडतं म्हणून घेत असशील तर आजपासून थांब. प्लायमधला डिंक आणि दारावरचा रंग जळल्यावर जे बाहेर येतं ते वासावर थांबत नाही, छातीत जातं. आणि ते तू खाण्याच्या वस्तूखाली जाळतेस.

आता तो पाइप. तो खाली उतरवायचा, दुसरा इलाज नाही. चूल पूर्ण गार असताना, सकाळी, नवऱ्याला हाताशी घेऊन. नाकातोंडावर ओला रुमाल. पाइपाचे तुकडे वेगळे करताना एक गोष्ट नीट बघ, कारण निम्म्या घरांत हीच चूक असते: वरच्या पाइपाचं तोंड खालच्या पाइपाच्या आत गेलंय की बाहेरून टोपीसारखं बसलंय? बसवणारे पुष्कळदा बाहेरून बसवतात, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. डोकं लावलेलं असतं, पण उलटं. आत थिजलेलं डांबर पाघळून खाली येतं तेव्हा ते त्या सांध्यातून बाहेर झिरपतं. तुझ्या पाइपावर सांध्याच्या खाली तपकिरी-काळे ओघळ असतील तर हेच झालंय. वरचा तुकडा खालच्याच्या आत गेला पाहिजे, म्हणजे ओघळ आतल्या आत चुलीत उतरून जळून जातो. पावसाला अडवायचं काम वरच्या टोपीचं.

आतला थर नखानं खरवड. मऊ, भुकटीसारखी काजळी असेल तर काथ्याचा बोळा दोरीला बांधून वरखाली ओढला की निघते. थर तीन मिलिमीटरच्या वर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या रुपयाच्या दोन नाण्यांएवढा झाला की साफ करायची वेळ झालीच म्हणून समज. पण थर काळा, चकचकीत, काचेसारखा असेल तर तो काथ्याला दाद देणार नाही. तो पाइप भंगारात दे आणि नवा घे. जाळून साफ करायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नकोस. ते डांबर पेटलं की पाइप तापून लाल होतो, आत गाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो, आणि तुझ्या शेडला लागून लाकडांची रास आहे. चुकून कधी पेटलंच तर चुलीचं तोंड ओल्या पोत्यानं बंद करायचं, माणसं बाहेर काढायची आणि १०१ ला फोन करायचा. तापलेल्या पाइपावर पाणी ओतायचं नाही.

तू रोज पन्नास-शंभर भाकऱ्या भाजतेस, म्हणजे चूल चार-पाच तास चालते. महिन्यातून एकदा काथ्या फिरलाच पाहिजे. १९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम काढला होता, गावोगावी धुराड्याच्या चुली बसल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी पाइप कुणी साफच केला नाही, तो तुंबला, धूर घरात यायला लागला आणि बायकांनी चूलच फोडून टाकली. नाव चुलीचं खराब झालं.

पाइप परत चढवताना उंची बघ. पत्र्यातून बाहेर पडतो तिथून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जी काही भिंत किंवा छप्पर असेल त्याच्याहून दोन फूट उंच. शेजारी कुणी वर मजला चढवलाय का गेल्या वर्षात? तू 'आजवर त्रास नव्हता' म्हणतेस म्हणून विचारते. नव्या भिंतीवर वारा आपटून खाली वळतो आणि धूर पुन्हा पाइपातून उलटा पाठवतो. तशी भिंत असेल तर पाइप वाढवून तारेचे ताण द्यावे लागतील. आणि शेडमध्ये पाइपाला काटकोनात वळण असेल तर ते काढ. धुराला चढ चालतो, कोपरा चालत नाही.

एक गंमत सांगून ठेवते. पाइप धूर ओढतो कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ आणि तुझ्या सारवलेल्या, ओल्या पोतेऱ्यानं पुसलेल्या जागेत ३५ असेल तर गणित उलटं होतं. बाहेरची हवा पाइपातून खाली उतरते, येताना काजळीचा वास घेऊन येते. दुपारी पेटवायचंच असेल तर आधी मूठभर तुरकाठ्या पाइपाच्या तोंडाशी भडकावून पाइप तापवून घे. दोन मिनिटांचं काम. मग खाली चूल लाव.

राखेचंही बघ. भाकऱ्या झाल्या की निखाऱ्यावर तांब्याभर पाणी मारतेस ना? सगळ्याच मारतात. त्या ओल्या राखेला आंबूस, तिखट वास येतो आणि तो दिवसभर शेडमध्ये बसून राहतो; पत्रा सडतो तो वेगळा. निखारे चिमट्यानं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भर, झाकण लाव, हवा तुटली की विझतात. संध्याकाळी कोळसा तयार. राख पूर्ण गार झाल्यावर रोज काढ. आणि मांजर आहे का घरात? हसू नकोस. गार चुलीतल्या ऊबदार राखेत मांजर निजतं हे सगळ्यांना माहीत. ते तिथंच मुततंही हे कुणी बोलत नाही. राख खारी असते, त्यामुळे त्यातला अमोनिया लगेच उडतो आणि नाक झणझणतं. रात्री चुलीच्या तोंडाला पत्रा लाव.

भिंतींवरची जुनी काजळी खरवडून ताज्या चुन्याचे दोन हात दे. काजळीवर सरळ ऑइलपेंट मारू नकोस, डागही वर येतो आणि वासही. भाकऱ्या वाळवायची जागा बदल: चुलीच्या कडेला फक्त कडक होईपर्यंत, मग लगेच घरात, जाळीवर, गार होऊ दे, आणि गार झाल्यावरच डब्यात. पिठाचा डबा शेडमध्ये ठेवू नकोस. एवढा मालदांडी जोंधळा आणायचा आणि पीठच धुरात मुरवायचं, याला अर्थ नाही. पोरीचा गणवेश पुढच्या अंगणात वाळत घाल. तुझ्या केसांना मात्र घट्ट रुमालाशिवाय उपाय नाही.

ज्याला वासच नाही त्याबद्दल आता बोलते, आणि हे सगळ्यात लक्ष देऊन वाच. निखारे धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, आणि तेही घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी, असं झालं की ताबडतोब बाहेर उघड्यावर यायचं आणि डॉक्टर गाठायचा. थंडीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास लोक शेगडी खोलीत घेऊन दारं लावून झोपतात. तू कधीच असं करू नकोस. शेडच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना वरच्या अंगाला हातभर जाळी ठेव, पाऊस आला तरी ती बुजवू नकोस.

गॅसचं म्हणशील तर घे. घरचा स्वयंपाक, दूध, चहा, आंघोळीचं पाणी त्याच्यावर टाक. चुलीसमोरचे तुझे तास तेवढे कमी होतील. तुझ्या छातीला त्याची गरज आहे, तू खोकल्याबद्दल लिहिलं नाहीस म्हणून तो नाही असं मी मानत नाही. चूल फक्त भाकरीपुरती ठेव. गिऱ्हाइकाची भीती बाळगू नकोस. चुलीवरच्या भाकरीची चव धुराची नसतेच, आराची असते. खमंगपणा येतो तो निखाऱ्याच्या धगीनं भाकरीचा पापुद्रा भाजून निघतो त्याचा. धूर लागलेली भाकरी कडवट लागते, आणि ज्याला ती चव वाटते त्यानं चुलीवरची चांगली भाकरी खाल्लेली नाही.

पुण्याच्या त्या माणसाला आजच फोन कर. 'माग पुसलेल्या चिंध्यांचा वास लागला, चूक माझी, पुढच्या खेपेला पन्नास भाकऱ्या माझ्याकडून,' एवढंच सांग. कारणं देऊ नकोस. त्यानं फोन करून सांगितलं, हेच मोठं आहे. बाकीचे न सांगता दुसरीकडं जातात.

वहिनींकडं मात्र पाइप बदलायच्या आधी जा, नंतर नको. धूर सगळ्यात जास्त असतो तो पेटवतानाच्या दहा मिनिटांत. त्यांची खिडकी कोणत्या वेळेला उघडी असते, कपडे कधी वाळत घालतात, ते विचार, आणि तुझी पेटवायची वेळ सरकवता येते का बघ. न बोलता खिडकी लावणारी शेजारीण भांडणाऱ्या शेजारणीपेक्षा जास्त दिवस सहन करत आलेली असते. जाताना भाकरी नेऊ नकोस. आत्ता तिला वास आहे. वास गेल्यावर ने, शेंगाचटणी घालून.

आणि रविवारी पाइप उतरवाल तेव्हा खाली जुनं पोतं अंथरा. घरातली जुनी चादर घेशील, मला माहीत आहे, सोलापुरात काय, चादरीच चादरी. पण त्या डांबराचा डाग एकदा पडला की धुण्याच्या दगडावर जन्म गेला तरी निघत नाही.